देशी झाड म्हणजे नेमके कुठले? कोल्हापूरच्या बागांची पार्श्वभूमी

नवी सोसायटी असो की सार्वजनिक बाग, लँडस्केपच्या आराखड्यात आता ‘देशी झाडे’ हमखास असतात. हा आग्रह नवा वाटतो. पण जिल्ह्याच्या पश्चिम भागात तो देवाच्या धाकाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. देवराईतली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, हा दंडक. म्हणून अंजनी, जांभूळ, हिरडा, गारंबीचे वेल टिकले. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि व्ही. डी. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला. त्याआधी, 1958 मध्ये, संस्थानच्या शिकारीचे दाजीपूर जंगल अभयारण्य झाले होते.

शहरात मात्र उलटेच घडले. इंग्रजी अमदानीत रस्त्याकडेला मादागास्करचा गुलमोहर आणि अमेरिका खंडातला रेन ट्री रुळला. पुढे सामाजिक वनीकरणात गिरिपुष्प, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ आले. हिशेब साधा होता: मोकाट गुरे सहसा तोंड लावत नाहीत, कुंपणाचा खर्च वाचतो, चार-पाच वर्षांत माळ हिरवा दिसतो. लागवडीचा आकडा दाखवायला आणखी काय हवे?

खरी मेख रोपवाटिकेत आहे. जांभळाची बी फळ पिकल्यावर काही आठवड्यांत रुजवावी लागते, वाळली की गेली. गुलमोहराचे बी वर्षभर डब्यात पडून राहिले तरी उगवते. साहजिकच जे बी टिकते त्याची रोपे मुबलक झाली, आणि जी रोपे मिळतात तीच आराखड्यात उतरली. अंजनी तर इतकी सावकाश वाढते, की ती विकण्याइतकी मोठी होईतो थांबायची तयारी फार थोड्या नर्सरीवाल्यांची असते.

‘देशी’ हा शिक्काही सरसकट चालत नाही. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एकाच जिल्ह्यात इतका फरक! एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांनी 2002 मध्ये जिल्ह्याच्या वनस्पतींची सविस्तर नोंद शिवाजी विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केली. तेव्हापासून कुठल्या भागात काय उगवते, हे पाहायला हक्काचा आधार आहे. पंचगंगेच्या काठाला वाळुंज, करंज, उंबर, घाटमाथ्याला अंजनी. शिरोळच्या बागेत अंजनी लावून तिला ठिबकवर जगवायचे, याला देशी लागवड म्हणणे मला पटत नाही. तिथे बोर, बाभूळ, हिवर शोभतील. काट्यांमुळे गिऱ्हाईक नाक मुरडते, ही अडचण मात्र खरी आहे.