भेदभावाचा भाव

मार्च 1966. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर वॉशिंग्टनहून नव्या सूचना येऊन पडल्या. त्यात चक्क त्रैराशिक होतं. गेल्या वर्षी तुमच्याकडची 8-9 टक्के कृष्णवर्णीय मुलं आपली वेगळी शाळा सोडून गोऱ्यांच्या शाळेत गेली असतील, तर यंदा तो आकडा साधारण दुप्पट व्हायला हवा. 4-5 टक्केच गेली असतील, तर तिप्पट. हे जमलं नाही, तर केंद्राकडून येणारी ग्रँट धोक्यात.

'ग्रँट' हा शब्द महाराष्ट्रातल्या शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. ती कधी येणार, किती टक्के येणार, कुठला कागद कमी पडला म्हणून अडकली, यावर आपल्याकडे शिक्षकांच्या नोकऱ्या निघून गेल्या आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेतही तो शब्द नीट कळला. कोर्टाचा शब्द मात्र तोपर्यंत बारा वर्षं कुणाच्या कानात शिरला नव्हता.

17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन' खटल्यात नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने सांगितलं की, वंशानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत. निकाल ऐतिहासिक, अंमलबजावणी नावापुरती. दक्षिणेतल्या अकरा राज्यांत गोरी मुलं बहुसंख्य असलेल्या शाळेत शिकणारी कृष्णवर्णीय मुलं 1964 साली होती 2.3 टक्के. म्हणजे दहा वर्षांत शंभरातली दोन. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर एकत्र बसवण्यापेक्षा सगळ्या सरकारी शाळांनाच 1959 मध्ये कुलूप लावलं, ते थेट 1964 मध्ये निघालं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उघडली गेली. बाकीची मुलं पाच वर्षं घरी किंवा नातेवाइकांकडे परगावी.

कोर्टाची अडचण उघड होती. प्रत्येक शालेय जिल्ह्यावर वेगळा खटला. (तिथला शालेय जिल्हा म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. एखाद्या शहराच्या किंवा काउंटीच्या शाळा चालवणारं ते स्थानिक मंडळ.) खटला भरायचा तो मुलांच्या पालकांनी, ज्यांची नोकरी, शेतजमीन आणि कर्ज गोऱ्या मालकाच्या हातात.

मग दोन कायदे लागोपाठ आले. 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने सांगितलं की, जिथे वंशभेद आहे तिथे केंद्राचा पैसा जाणार नाही. पण तोवर केंद्र शाळांना पैसे देतच होतं किती? फारच थोडे. नसलेलं अनुदान थांबवण्याची धमकी देऊन काय उपयोग? 1965 च्या शिक्षण कायद्याने ती उणीव भरून काढली. गरीब मुलांची संख्या गुणिले राज्याच्या दर मुलामागच्या शालेय खर्चाच्या निम्मी रक्कम, असं सूत्र ठरलं आणि दक्षिणेतल्या गरीब जिल्ह्यांच्या तोंडाला पाणी सुटेल एवढा पैसा समोर आला. आता धमकीला वजन होतं. तो 2.3 टक्क्यांचा आकडा 1967 मध्ये 13.9 झाला आणि 1970 मध्ये 33.1.

हे पैशामुळेच झालं असं म्हणता येईल का? त्याच काळात रस्त्यांवर आंदोलनं चालू होती आणि कोर्टंही कडक होत होती. शिवाय आकडेवारीत एक पेच आहे. ग्रँट जास्त मिळणार ती जिथे गरिबी जास्त तिथे. गरिबी जास्त ती जिथे कृष्णवर्णीय लोकसंख्या मोठी तिथे. आणि नेमका तिथेच गोऱ्यांचा विरोध सर्वांत कडवा. नुसतं 'पैसा किती, बदल किती' असं मांडलं, तर पैशाने विरोध वाढतो असा उलटा निष्कर्ष निघेल. एलिझाबेथ कॅशिओ, नोरा गॉर्डन, ईथन लुईस आणि सारा रीबर या अर्थशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुनी दप्तरं उपसून हा पेच सोडवला. बाकी बाबतींत सारखे, पण सूत्रातल्या खाचाखोचांमुळे वेगवेगळी रक्कम पणाला लागलेले जिल्हे त्यांनी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. ज्यांचं जास्त नुकसान होणार होतं, ते जास्त हलले. पण किती हलले? ग्रँट वाचेल इतकेच. शिकस्त केली ती किमान गुण मिळवण्याची. पस्तीस टक्क्यांना पास असेल तर छत्तीसचा अभ्यास कोण करतं!

मला यातली गंमत अशी वाटते की, द्वेषाचंही हिशेबाच्या वहीत एक पान निघालं. भेदभाव करायला आवडतो, पण त्याची किंमत मोजावी लागली की आवड आवरती घेता येते.

ही युक्ती अमेरिकेची म्हणून सांगितली जाते, पण ती त्याआधी चार दशकं आपल्याकडे वापरून झाली होती. 1923 मध्ये मुंबई सरकारने ठराव केला की, अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शाळेला अनुदान देऊ नये. त्याच्याही आधी, 1919 मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्या असा हुकूम काढला होता. संस्थानात हुकूम चालला. इलाख्यात संस्थाचालकांच्या खिशाला हात घालावा लागला.

किंमत आणि भेदभाव यांचं नातं प्रयोगातून बघायचं तर दिल्लीच्या एका मैदानावर जावं लागेल. 2007 पासून दिल्लीतल्या अनेक महागड्या खासगी शाळांना गरीब घरातली मुलं घेणं भाग पडलं. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी तिथल्या श्रीमंत मुलांसाठी रिले शर्यत ठेवली. जोडीदार निवडायचा. समोर दोघं. एक गरीब घरातला, पण धावण्यात सरस, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेलं. दुसरा आपल्यातला, पण मंद. जिंकलं तर बक्षीस. बक्षीस 50 रुपये असताना सुमारे एक तृतीयांश श्रीमंत मुलांनी मंद गडी निवडला, म्हणजे हरायला तयार झाली. बक्षीस 500 रुपये केल्यावर असं करणारी राहिली 6 टक्के. पाचशे रुपयांत माणुसकी जागी झाली असं म्हणायचं नाही. पण शर्यत मात्र योग्य जोडीने पळाली. आणि याच अभ्यासातलं पुढचं निरीक्षण जास्त मोलाचं आहे. ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती, त्या श्रीमंत मुलांमध्ये भेदभाव मुळातच कमी दिसला, आणि दुसऱ्याला देण्याची वृत्ती जास्त. अभ्यासाचं काय? गणित-हिंदीत फरक नाही, इंग्रजीत किंचित घट.

तर पैशाने दार उघडतं. आत गेलेल्या मुलाचं पुढे काय होतं?

वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर आघात होतो, याचा पुरावा म्हणून 1954 च्या निकालात बाहुल्यांचा प्रयोग गाजला. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 253 कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडून सगळं सारखं असलेल्या बाहुल्या ठेवल्या. खेळायला कुठली हवी? दर तिघांतल्या दोघांनी गोरी उचलली. कुठली 'वाईट' दिसते म्हटल्यावर बरीच बोटं तपकिरी बाहुलीकडे गेली. वाचताना गलबलतं. पण शास्त्राच्या काट्यावर हा पुरावा लंगडा होता. उत्तरेतल्या मिश्र शाळांतल्या मुलांनी गोरी बाहुली दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांतल्या मुलांपेक्षा जास्तच पसंत केली होती! मुलांच्या मनावर आघात होता यात शंका नाही, पण तो शाळेमुळे की एकूण समाजामुळे, हे बाहुल्या सांगू शकत नव्हत्या. न्याय बरोबर होता, दाखला कच्चा होता.

पक्का दाखला मिळायला अर्धं शतक लागलं, आणि तो मिळाला कोर्टांच्या संथपणामुळे. एका शहरात एकत्रीकरणाचा आदेश 1968 ला, दुसरीकडे 1971 ला, तिसरीकडे 1975 ला. ज्या उशिराने पालक पिचले, तोच उशीर संख्याशास्त्रज्ञांच्या पथ्यावर पडला. थोरला भाऊ आदेशाआधी शाळेतून बाहेर पडला, धाकटीला पूर्ण शाळा एकत्र मिळाली. आई-बाप तेच, घर तेच. रकर जॉन्सन यांनी 1968 पासून हजारो कुटुंबांचा माग ठेवणाऱ्या एका राष्ट्रीय पाहणीतून अशी मुलं पार प्रौढपणापर्यंत पाहिली. एकत्र शाळेत जास्त वर्षं काढलेली कृष्णवर्णीय मुलं जास्त शिकली, जास्त कमावू लागली, तुरुंगात कमी गेली, चाळिशीत तब्येतीने धड राहिली. गोऱ्या मुलांचं काही बिघडलं नाही. त्याआधी जोनाथन गुरियन यांनी 2004 मध्ये दाखवलं होतं की, 1970 च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांची शाळागळती जितकी घटली, तिच्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकत्रीकरणाच्या योजनांचा होता.

गोऱ्या मुलाच्या शेजारी बसल्याने बुद्धी वाढते असा याचा अर्थ कुणी काढू नये. जॉन्सन यांच्या आकड्यांत फायदा मोठा दिसतो तो जिथे आदेशानंतर दर मुलामागचा खर्च वाढला आणि वर्ग लहान झाले तिथे. खर्च जागचा हलला नाही, तिथे फायदाही जेमतेम. गोऱ्यांची मुलं ज्या शाळेत असतात, तिथे छत गळू दिलं जात नाही, हे त्यामागचं साधं गणित.

या व्यवहारात नुकसान झालं ते शिक्षकांचं. दोन शाळा एक झाल्या की मुख्याध्यापक एकच लागतो, आणि तो कोण राहणार हे ठरलेलं. 1954 ते 1965 या काळात दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत सुमारे 38 हजार कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्याचा हिशेब सांगितला जातो. मुलांना वर्ग मिळाला, पण वर्गात आपल्यासारखं दिसणारं मोठं माणूस गेलं.

आता उलटा प्रयोग बघा. 1971 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात शाळा मिश्र व्हाव्यात म्हणून मुलांना बसने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत पाठवण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. तीस वर्षं ती चालली. मग कोर्टाने हात काढून घेतला आणि 2002 पासून 'घराजवळची शाळा' हे तत्त्व आलं. नकाशावर नव्या रेषा पडल्या. एकाच वस्तीतल्या दोन घरांच्या मधून रेषा गेली. काल एकाच बसमध्ये चढणारी दोन मुलं उद्यापासून वेगवेगळ्या शाळेत. संशोधकांना आणखी काय हवं? स्टीफन बिलिंग्ज, डेव्हिड डेमिंग आणि जोना रॉकऑफ यांनी रेषेच्या दोन बाजूंची मुलं पडताळली. ज्या शाळेत अल्पसंख्याक (तिथे बहुतेक कृष्णवर्णीय) मुलांचं प्रमाण जास्त, तिच्या वाट्याला आलेल्या मुलांचे परीक्षेतले गुण घसरले, गोऱ्या मुलांचेही. आणि अल्पसंख्याक मुलग्यांत गुन्ह्यांत अडकण्याचं प्रमाण बरंच वाढलं. शहराने अशा शाळांना जादा पैसा आणि साधनं दिली होती, तरी दरी रुंदावली. म्हणजे पैसा लागतोच, पण मुलांना वेगळं ठेवून वर पैसा ओतला की सगळं फिटतं असंही नाही.

वेगळेपण मोजतात कसं, तेही सांगून टाकतो. गावात दोन शाळा, शंभर गोरी, शंभर कृष्णवर्णीय मुलं. पहिल्या शाळेत 80 गोरी, 20 कृष्णवर्णीय. दुसरीत बरोबर उलट. दोन्ही शाळांत सारखं प्रमाण आणायचं तर एका गटातल्या 60 मुलांना शाळा बदलावी लागेल. म्हणून असमानतेचा निर्देशांक 60. पूर्ण मिसळ म्हणजे शून्य, पूर्ण फाळणी म्हणजे शंभर. कोर्टाच्या देखरेखीतून सुटलेल्या जिल्ह्यांत वेगळेपण पुढच्या वर्षांत हळूहळू पुन्हा वाढत गेल्याचं शॉन रिअर्डन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवलं.

ग्रँटांचंही तसंच. एकत्रीकरणासाठी 1972 मध्ये खास आणीबाणी निधीचा कायदा झाला. 1981 मध्ये रेगन सरकारने तो इतर योजनांच्या गाठोड्यात बांधून टाकला. वेगळ्या विषयांच्या आकर्षक 'मॅग्नेट' शाळांसाठीचं अनुदान 1984 पासून टिकून आहे. आणि 1964 च्याच कायद्याच्या चौथ्या प्रकरणातून निघालेली प्रादेशिक साहाय्य केंद्रं. त्यांची कामं दिसायला किरकोळ. जिल्ह्याने मागितली तर फुकट मदत. शाळांच्या हद्दी कशा आखाव्यात, शिक्षा म्हणून घरी पाठवलेल्या मुलांत एकाच गटाची नावं का जास्त, वर्गात दुसऱ्या भाषेतून आलेल्या मुलाला कसं सामावून घ्यावं. 2016 मध्ये वंश, लिंग आणि मूळ देश यांच्या जोडीला धर्म हा विषयही आला आणि दहा केंद्रांची चार झाली. 2021 मध्ये पाच वर्षांची मुदत संपताना नवी निवड लांबली, म्हणून जुन्यांनाच एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. मुदतवाढीवर चालणारी योजना म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कंत्राटी शिक्षकाला विचारा.

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने या केंद्रांची अनुदानंच रद्द केली. दक्षिणेचं केंद्र चालवणारी अटलांटाची संस्था कोर्टात गेली, आणि मे महिन्यात वॉशिंग्टनमधल्या फेडरल न्यायाधीशांनी तिचं अनुदान तूर्त परत सुरू करायला सांगितलं. चारही केंद्रांवर मिळून वर्षाला खर्च होत होता सुमारे 65 लाख डॉलर. अमेरिकेच्या सरकारी शाळांत मुलं आहेत अंदाजे पाच कोटी. 1966 च्या अधिकाऱ्यासारखं त्रैराशिक मांडलं, तर दर मुलामागे वर्षाला 13 सेंट पडतात, आपले अकरा-बारा रुपये.