आहार सुधारला आणि पोट अडलं? आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

आमच्याकडून आहाराचा तक्ता घेऊन गेलेल्या माणसाचा पहिला फोन साधारण आठ-दहा दिवसांनी येतो. आधी वजनाचं बोलणं होतं, मग झोपेचं, आणि मग आवाज एकदम खाली जातो. "अजून एक विचारायचं होतं... पोट साफ होत नाहीये." हे विचारायला कुणीही संकोचू नये. तो फोन करायची वेळ शक्यतो येऊच नये, म्हणून हे पत्रक तक्त्यासोबतच देत आहोत. तक्ता सुरू करण्याआधी एकदा शांतपणे वाचा.

भाज्या, फळं, कडधान्यं वाढवली, मैदा आणि तळलेलं सोडलं, तरी आधी वेळेवर होणारं पोट अडून बसतं. "हा आहार मला मानवत नाही" असं म्हणून माणूस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुन्या खाण्याकडे परततो. आम्हाला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा आहार बरोबरच असतो, बदलाचा वेग तेवढा चुकलेला असतो.

नियमित म्हणजे नेमकं किती?

रोज सकाळी एकदा झालंच पाहिजे, ही समजूत घट्ट बसलेली आहे. वैद्यकशास्त्र मात्र दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा सगळा पट्टा सामान्य मानतं. तुमचं आधीपासून दिवसाआड होत असेल आणि त्रास काही नसेल, तर ती तुमची चाल आहे, बिघडलेलं काही नाही.

किती वेळा झालं यापेक्षा कसं झालं, हे जास्त सांगून जातं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या स्टीफन लुईस आणि केन हीटन यांनी १९९७ मध्ये मलाच्या स्वरूपाची सात प्रकारांची पट्टी प्रसिद्ध केली. डॉक्टर आजही ती वापरतात. पहिला प्रकार म्हणजे सुटे कडक खडे, सातवा म्हणजे निव्वळ पाणी. तिसरा आणि चौथा चांगला: लांबट, एकसंध, मऊ, फार कुंथावं न लागता होणारा. पहिला-दुसरा प्रकार दिसू लागला, की मल मोठ्या आतड्यात जास्त वेळ थांबला असं समजावं.

आत काय घडतं

खाल्लेलं, प्यायलेलं आणि शरीराने स्वतः सोडलेले पाचकरस मिळून रोज सुमारे ९ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातला बहुतेक लहान आतडं शोषून घेतं. मोठ्या आतड्यापर्यंत एक-दीड लिटर पोचतो आणि तिथेही शोषण चालूच राहतं. शेवटी मलासोबत बाहेर पडणारं पाणी जेमतेम १००-२०० मिलिलिटर असतं. म्हणजे मल मऊ राहायचा की खडा व्हायचा, हे अगदी थोड्या पाण्यावर ठरतं. प्रवास रेंगाळला की तेवढंही पाणी शोषलं जातं.

फायबरचं, म्हणजे चोथ्याचं, काम इथेच आहे. ओट्स आणि इसबगोल यांतला चोथा पाण्यात फुगून चिकट होतो. इसबगोलाचा चिकटपणा तर शेवटपर्यंत टिकतो आणि मलातलं पाणी धरून ठेवतो. गव्हाच्या कोंड्यासारखा भरड चोथा आतड्याच्या आतल्या आवरणाला हलकेच घासतो, त्यामुळे तिथून पाणी आणि श्लेष्म सुटतं. मात्र हाच कोंडा अगदी बारीक दळला, तर हा परिणाम जातो आणि मल उलट घट्ट होऊ शकतो. कोंडा घेणार असाल तर भरडच घ्या.

एका ताईंची वही

आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंनी स्वतःहून वही ठेवली होती. त्यांची परवानगी घेऊन, ओळख न देता, त्यातलं थोडं सांगतो. सहाव्या दिवसापुढे फुली. सातव्याला फुली. आठव्याला लिहिलं होतं, "थोडं, खडे, खूप कुंथावं लागलं." नवव्याला, "पोट गच्च, जेवावंसं वाटत नाही." नोंदी बारीक पेन्सिलीने केल्या होत्या. कुणी वाचू नये म्हणून, असं त्यांनी नंतर सांगितलं.

त्यांच्या शेजारी बसून खाण्याचा हिशोब मांडला. आधीच्या आहारात दिवसाला जेमतेम १२-१५ ग्रॅम चोथा असावा. नव्या आहारात पहिल्याच दिवसापासून सकाळी ओट्स (४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये सुमारे ४ ग्रॅम चोथा), त्यावर चार मोठे चमचे कोंडा (६ ग्रॅम), दुपारी मोठा वाडगाभर शिजवलेली मसूर (१५ ग्रॅमच्या आसपास), दोन सफरचंदं सालासकट (८-९ ग्रॅम) आणि भरपूर कच्च्या भाज्या. बेरीज चाळिसाच्या घरात! दिवसभरात पाणी मात्र चार ग्लास. शिवाय "चांगलं खायचं तर सगळंच चांगलं" म्हणून सकाळची कॉफीही त्याच दिवशी बंद केलेली. कॉफीने बऱ्याच जणांच्या मोठ्या आतड्याला चालना मिळते. वर्षानुवर्षांची ती सूचना एका दिवसात गेली, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी शेवटी, उठता उठता सांगितली. कामाच्या ठिकाणचं स्वच्छतागृह लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे, म्हणून त्या कळ आली तरी घरी जाईपर्यंत दाबून धरायच्या.

आम्ही काहीच नवीन दिलं नाही. कोंडा थांबवला, मसूर अर्ध्या वाडग्यावर आणली, कच्च्या भाज्यांऐवजी शिजवलेल्या भाज्या सुचवल्या, पाणी वाढवलं, कॉफी परत सुरू केली आणि सकाळचं खाणं घर सोडण्याआधी पाऊण तास होईल असं बसवलं. पाच-सहा दिवसांत पोट मोकळं झालं. पुढचे दोन महिने घेऊन त्या हळूहळू पूर्ण आहारावर आल्या.

त्यात चूक आमचीही होती. तेव्हा आमच्या तक्त्यात पहिल्या दिवशीच पूर्ण प्रमाण लिहिलेलं असायचं. आता तसं नसतं. तुमच्या तक्त्यात "आठवडा १", "आठवडा २" असे टप्पे दिसतील. पहिल्या आठवड्याचं प्रमाण कमी वाटलं तरी ते पाळा, ही कळकळीची विनंती.

किती आणि कसं वाढवायचं

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम चोथा आणि किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सुचवते. तिथे पोचायला घाई नको. आठवड्याला सुमारे ५ ग्रॅम वाढ बऱ्याच जणांना झेपते. ५ ग्रॅम म्हणजे सालासकट एक मध्यम पेअर, किंवा शिजवलेल्या मसुरीचे तीन-चार मोठे चमचे, किंवा दोन वेळा थोडी जास्त भाजी. एका आठवड्यात यांतलं एकच वाढवा. पोट फुगलं तर पुढचा टप्पा आठवडाभर लांबवा, मागे मात्र येऊ नका.

गॅस होणारच. मोठ्या आतड्यातले जिवाणू चोथ्यावर जगतात, त्यातून वायू तयार होतो, आणि आतड्याच्या पेशींना पोसणारी उपयोगी आम्लंही. कडधान्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचतच नाहीत, त्या थेट या जिवाणूंच्या वाट्याला जातात. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यावं आणि नव्या पाण्यात चांगली मऊ शिजवावीत, म्हणजे त्रास कमी होतो. नियमित खात राहिलं की काही आठवड्यांत गॅस बराच उतरतो. आठवड्यातून एकदाच भरपूर खाण्यापेक्षा रोज थोडं बरं.

पाणी आधीपासून पुरेसं पिणाऱ्याने नुसतं आणखी पाणी ढोसलं तर फारसा फरक पडत नाही, ते लघवीवाटे जातं. पण चोथा वाढवताना पाणी कमी पडलं तर फुगलेला चोथाच आत अडकतो. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकं प्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असून डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर तीच पाळा आणि आम्हाला सांगा. तुमचा तक्ता वेगळा करावा लागेल.

कमी खाल्लं की कमीच होतं

वजन उतरवण्यासाठी खाणं घटवलेल्यांनी हे आवर्जून वाचावं. आत कमी गेलं की बाहेर कमी येतं. आधी रोज होत असेल आणि आता दिवसाआड होत असेल, पण मऊ आणि विनासायास, तर त्याला बद्धकोष्ठता म्हणू नये.

धान्यं आणि फळं एकदम बंद करून प्रथिनांवर भर देणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे चोथा खरोखर घटतो. शिवाय पहिल्या काही दिवसांत शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा खर्च होतो आणि त्याच्याशी बांधलेलं पाणीही लघवीवाटे जातं. आम्ही असा आहार सहसा देत नाही. स्वतःहून करत असाल, तर पालेभाज्या, जवस आणि बदाम तरी सोडू नका. तेल-तूपही शून्यावर आणू नका, कारण मुख्यतः स्निग्ध पदार्थ पोटात गेल्यावर पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त आतड्यात येतं.

सकाळची वीस मिनिटं

जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीची सूचना जाते. सकाळी उठल्यावर, पहिल्या खाण्यानंतर, ती सर्वांत जोरात असते. नवा आहार सुरू करताना पुष्कळ जण नेमकी न्याहारी उडवतात, नाहीतर धावतपळत घशाखाली ढकलतात. तसं करू नका. खाऊन झाल्यावर अर्ध्या तासात कळ येवो न येवो, पाच-दहा मिनिटं शौचाला बसा. कुंथू नका, फोन आत नेऊ नका.

बैठकीनेही फरक पडतो. गुदाशयाभोवती एक स्नायू पट्ट्यासारखा गुंडाळलेला असतो आणि तो वाटेला बाक देऊन ठेवतो. उकिडवं बसलं की तो सैल पडतो, वाट सरळ होते. कमोडवर बसत असाल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या आणि किंचित पुढे झुका.

आलेली कळ दाबू नका. गुदाशय ताणला गेला की ती येते, दाबली की काही वेळाने विरते, आणि तेवढ्यात मलातलं आणखी पाणी शोषलं जातं. वारंवार दाबली तर ती जाणीवच बोथट होते. कामाच्या ठिकाणी मीटिंग सुरू असताना "पाच मिनिटांत येतो" म्हणून उठण्यात काही वावगं नाही.

रोज भरभर चालण्यानेही आतड्याची हालचाल वाढते.

तरीही अडलं तर

आधी फळांकडे वळा. सुकवलेल्या आलुबुखारात चोथ्यासोबत सॉर्बिटॉल ही पाणी ओढून घेणारी नैसर्गिक शर्करा असते. रोज चार-पाच फळांपासून सुरुवात करा. दोन हिरव्या किवींचाही अनेकांना चांगला उपयोग होतो. "शुगर-फ्री" गोळ्या-चॉकलेटांतही बऱ्याचदा सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असतं. पोट एकाएकी ढिलं झालं असेल तर आधी त्यांची वेष्टनं वाचा.

इसबगोल घ्यायचा तर एक चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात, कालवल्याबरोबर लगेच. कोरडा कधीच तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास असेल तर मुळीच नको. इतर औषधं आणि इसबगोल यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा.

नव्या आहारासोबत लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या असतील, तर अडण्याचं कारण त्याही असू शकतात. मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

आमच्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जा

मलात रक्त दिसलं, लोहाची गोळी नसताना मल डांबरासारखा काळा झाला, वजन ठरवल्यापेक्षा जास्त किंवा विनाकारण उतरत असेल, पंचेचाळिशीनंतर पोटाची चाल पहिल्यांदाच बदलून काही आठवडे तशीच राहिली, किंवा पोटदुखीने रात्री जाग येत असेल, तर थांबू नका. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारासुद्धा सरत नसेल, तर ती तातडीची अवस्था आहे, त्याच क्षणी रुग्णालय गाठा. आतडं अरुंद झाल्याचं कधी निदान झालं असेल, किंवा मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं चालू असतील, तर चोथा वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला. अशा वेळी जास्त चोथ्याने त्रास वाढू शकतो. थायरॉइड मंद असल्यामुळेही बद्धकोष्ठता होते, आणि ती नुसत्या आहाराने सुटत नाही.

पहिले चार आठवडे एक छोटी वही ठेवा. तारीख, पाण्याचे ग्लास, त्या दिवशी नवीन काय खाल्लं, शौच झालं का आणि एक ते सातपैकी कोणता प्रकार, एवढं पुरे. पुढच्या भेटीला येताना ती सोबत आणा. आधी वही बघू, मगच पुढच्या आठवड्याचा तक्ता लिहू.