एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवावा काय?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात परसात गरम पाण्याचा टब बसवणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: "एमसीबी पडतोय ना, मग ३२ अँपिअरचा टाका." हा सल्ला चुकीचा आहे, कारण एमसीबी (प्रवाह जादा झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) टबाचे नव्हे, तर भिंतीतल्या वायरचे रक्षण करतो.

३ किलोवॅटचा हीटर आणि १.५ किलोवॅटचा पंप मिळून २३० व्होल्टवर सुमारे २० अँपिअर प्रवाह घेतात. गिझरसाठी ओढलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाइपातून जात असेल तर तिची मर्यादा साधारण तेवढ्यावरच संपते. तिच्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर ३६ अँपिअरपर्यंतचा प्रवाह तो तासभर वाहू देतो आणि सुमारे ४६ अँपिअरलाही पडायला तासाभराचा अवधी घेऊ शकतो; तोवर वायरचे आवरण आतल्या आत मऊ पडते, आणि बाहेर दिसते ती फक्त स्विचभोवतीची पिवळट कड. अशा टबाला स्वतंत्र लाइन, ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि २५ अँपिअरचा एमसीबी योग्य ठरतो; अंतर फार असेल तर वायर आणखी जाड घ्यावी.

एमसीबी विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही, हे तर बहुतेकांच्या गावीही नसते. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी यंत्रणा) लागते. खानापुराकडच्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडे पडते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा.