कंपायलरला कुणी सांगितलं?

लॅपटॉपवर उबुंटू या लिनक्सच्या क्रॉस-कंपायलरने, म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाने, प्रोग्राम बांधला, एकही एरर नाही. रास्पबेरी पाय झीरो या चिमुकल्या संगणकावर चालवला, तर पडद्यावर दोनच शब्द: 'इलीगल इन्स्ट्रक्शन'. शेजारच्या पाय ३ वर मात्र तोच प्रोग्राम निमूट चालतो. अशा वेळी माणूस आपलाच कोड पुन्हा पुन्हा वाचत बसतो. कोडचा काही दोष नसतो.

कंपायलर शेवटी आकडेच लिहितो आणि त्यांचा अर्थ प्रोसेसरगणिक बदलतो. लिपी एकच, पण 'शिक्षा' म्हणजे मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण, तसं. म्हणून लिनक्स दारातच चौकशी करतं. लिनक्सवरचा बांधलेला प्रोग्राम ज्या साच्यात असतो, त्या ईएलएफ फाइलच्या एकोणिसाव्या-विसाव्या बाइटमध्ये प्रोसेसरचा क्रमांक असतो: ६४ बिटी इंटेल-एएमडीसाठी ६२, ३२ बिटी एआरएमसाठी ४०, ६४ बिटी एआरएमसाठी १८३. तो जुळला नाही की 'एक्झेक फॉरमॅट एरर'. 'फाइल' ही कमांड तो वाचून दाखवते. हे दुखणं सोपं.

पाय झीरोचं दुखणं आतलं आहे. २०१२ चा पहिला पाय आणि २०१५ चा झीरो, दोन्हींत एआरएमव्ही६ (एआरएमची सहावी आवृत्ती, पुढे 'व्ही६') जातीचा प्रोसेसर. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सची ३२ बिटी एआरएमसाठीची 'आर्मएचएफ' आवृत्ती मात्र किमान व्ही७ धरून चालते. क्रमांक दोघांचाही ४०! त्यामुळे दारावर कुणी अडवत नाही. प्रोग्राम धावू लागतो आणि व्ही७ ची पहिली अनोळखी सूचना आली की कोसळतो. ती सूचना क्वचित लागणाऱ्या फंक्शनमध्ये असली तर तासाभराने कोसळतो, आणि मग शोधणाऱ्याचे हाल विचारू नका.

कुठल्या जातीसाठी बांधायचं ते कंपायलरला सांगणाऱ्या 'मार्च' पर्यायात व्ही६ लिहिलं तरी सुटका नाही. त्याने फक्त तुमचा कोड बदलतो. कंपायलरसोबत आलेल्या लायब्ररी आणि सुरुवातीचा कोड आधीच व्ही७ साठी बांधलेला असतो, आणि तुकडे सांधणारा लिंकर तोच जोडतो. ईएलएफ फाइल वाचणाऱ्या 'रीडएल्फ' कमांडला कॅपिटल 'ए' पर्याय देऊन तयार फाइल तपासली की खरी जात कळते. याच कारणाने रास्पबियन ही पायसाठीची सिस्टिम बनवणाऱ्यांना २०१२ मध्ये डेबियनची पॅकेजेस व्ही६ साठी नव्याने बांधावी लागली होती. उपाय तोच: त्या जातीसाठी बांधलेली टूलचेन, म्हणजे कंपायलर, लिंकर आणि लायब्ररींचा संच, घ्यायची.

उलटी गंमत २०२३ मध्ये झाली. पाय ४ वरच्या ३२ बिटी सिस्टिमखाली ६४ बिटी कर्नल (सिस्टिमचा गाभा) आला. यंत्राची जात सांगणारी 'युनेम' कमांड म्हणू लागली 'एआर्च६४', म्हणजे ६४ बिटी एआरएम, कंपायलर मात्र ३२ बिटीच. प्रोग्राम बांधणाऱ्या बिल्ड स्क्रिप्टने कर्नलवर विश्वास ठेवला आणि ती फसली. खरं तर विचारायचं कंपायलरलाच: जीसीसी या कंपायलरला 'डम्पमशीन' पर्याय दिला की तो आपलं लक्ष्य सांगतो.

टूलचेन बदलल्यावरही जुनीच चूक दिसत असेल, तर बिल्डची आखणी करणाऱ्या सीमेक या साधनाची कॅश (साठवलेली माहिती) पाहा. पहिल्या वेळचा कंपायलर तिने लक्षात ठेवलेला असतो. बिल्डचा फोल्डर अख्खा पुसून टाकायचा.