चिनी मिटन खेकडा : नदीमुखातील जीवनचक्र

चिनी मिटन खेकडा (एरिओशिर सायनेन्सिस) हा मूळचा चीन व कोरियाच्या किनाऱ्याकडील नद्यांतला खेकडा असून यूरोप व उत्तर अमेरिकेत तो उपद्रवी परकीय जाती म्हणून ओळखला जातो. प्रौढाच्या कवचाची रुंदी साधारणपणे ५ ते ८ सेंमी. असते. नांग्यांवर तपकिरी केसांचे दाट पुंजके असतात व त्यांतून नांगीची पांढुरकी टोके तेवढी बाहेर डोकावतात. खेकड्याने लोकरी हातमोजे घातले आहेत असे वाटते, आणि त्यावरूनच त्याला मिटन हे नाव पडले.

या खेकड्याची वाढ गोड्या पाण्यात होते, प्रजननाला मात्र खारे पाणी लागते. सॅमन माशाच्या नेमका उलटा असा हा क्रम आहे. खेकड्याचा बहुतेक सगळा उपद्रव या दुहेरी गरजेतूनच उद्भवतो, म्हणून केवळ प्रौढाचे वर्णन करून भागत नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत प्रौढ खेकडे नदीतून खाली उतरू लागतात आणि नदीमुखाच्या मचूळ पाण्यात त्यांचे मीलन होते. त्यानंतर सुमारे एका दिवसात मादी अंडी घालते. पोटाखाली दुमडलेल्या झडपेच्या आतील उपांगांना ती चिकटून राहतात, आणि त्यासाठीही पाण्यात पुरेसा खारेपणा असावा लागतो. एका मादीजवळ अडीच लाखांपासून दहा लाखांपर्यंत अंडी असू शकतात. ती सांभाळत मादी हिवाळा खोल पाण्यात काढते व वसंतात, अंडी फुटण्याच्या सुमारास, पुन्हा मचूळ पाण्याकडे येते. प्रजननानंतर नर व मादी दोघेही मरतात.

अंड्यातून बाहेर पडणारा झोइया हा डिंभ (पूर्ण वाढ होण्यापूर्वीचे, प्रौढाहून वेगळे दिसणारे पिल्लू) प्लवकांबरोबर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांबरोबर, तरंगतो आणि कात टाकत पाच अवस्थांतून जातो. एक-दोन महिन्यांनी त्याचे मेगालोपात, म्हणजे डिंभाच्या शेवटच्या अवस्थेत, रूपांतर होते. मेगालोपा भरतीच्या पाण्याबरोबर आत सरकतो, तळाशी स्थिरावतो आणि पुढची कात टाकताच लहानसा खेकडा होतो. इथून नदीच्या वरच्या अंगाला प्रवास सुरू होतो. वाटेत बंधारा आला तर पिल्ले पाण्याबाहेर येऊन ओल्या काठावरून त्याला वळसा घालतात. एल्ब नदीच्या खोऱ्यातून हा खेकडा प्रागपर्यंत, म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पोहोचलेला आहे. पाण्याच्या तापमानानुसार प्रौढ होण्यास एक ते पाच वर्षे लागतात.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, चिकणमातीच्या उभ्या काठांत हे खेकडे बिळे करतात. बिळाचा उतार आतल्या बाजूला असल्याने ओहोटीतही तळाशी पाणी साचून राहते. खेकड्याला ओलावा मिळतो, पण शेजारी शेजारी बिळे वाढली की काठ पोखरला जाऊन ढासळतो.

यूरोपात हा खेकडा प्रथम १९१२ मध्ये जर्मनीतील आलर नदीत सापडला. जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून तो आला असावा, असे मानतात. तरंगत्या डिंभांचा विचार करता ते सयुक्तिकही आहे. १९३५ मध्ये इंग्लंडमधील टेम्स नदीत आणि १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागरात त्याची नोंद झाली. १९९८ च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात, कालव्याच्या पंपांपासून मासे वाचवण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेत, खाली उतरणारे लाखो खेकडे अडकले व ती तुंबली.

जर्मनीत १९३० च्या दशकात बंधाऱ्यांपाशी सापळे लावून वर चढणारी पिल्ले मोठ्या प्रमाणावर पकडण्यात आली, तरीही खेकडा टिकून राहिला. एका मादीच्या अंड्यांची संख्या पाहता यात आश्चर्य नाही.