डॉसचे प्रोग्रॅम सांभाळणारा थर विंडोजमधून कसा गेला

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नाशिकमधल्या बऱ्याच छोट्या धंद्यांपुढे जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपात सीएनसी मशीनला (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या यंत्राला) सीरियल केबलमधून प्रोग्रॅम पाठवणारे, विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमचे सॉफ्टवेअर किंवा एखाद्या आडत्याच्या गाळ्यावरचे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममधले हिशेब ३२-बिट विंडोज १० वर कसेबसे चालून जात. विंडोज ११ वर तीच फाइल उघडली, की हे ॲप या पीसीवर चालणार नाही एवढेच उत्तर मिळते.

डॉसचे प्रोग्रॅम इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरच्या पद्धतीने लिहिले जात. सगळे मशीन आपलेच आहे असे ते धरून चालत. १९८५ च्या ८०३८६ मध्ये ‘व्हर्च्युअल ८०८६’ मोड आला आणि त्यांना बंदिस्त जागेत चालवण्याची सोय झाली. त्याच आधारावर १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ सोबत एनटीव्हीडीएम हा डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा थर आला. प्रोग्रॅमने थेट स्क्रीनच्या मेमरीत किंवा पोर्टवर लिहिले, की हा थर ते मधेच अडवून विंडोजकडून करून घेई. स्वतंत्र कार्ड लागणारे प्रोग्रॅम मात्र इथे अनेकदा अडत. खुद्द डॉसवर उभ्या असलेल्या विंडोज ९८ चे डबे लोकांनी जपून ठेवले ते त्यामुळेच.

२००३ मध्ये एएमडीचा ६४-बिट ऑप्टेरॉन आला. प्रोसेसर ६४-बिट मोडमध्ये गेला की व्हर्च्युअल ८०८६ मिळत नाही, आणि ६४-बिट विंडोजमध्ये हा थर आलाच नाही. पण सगळा दोष प्रोसेसरवर टाकणे मला पटत नाही. मिप्स आणि अल्फा या इंटेलहून वेगळ्या प्रोसेसरांसाठीच्या एनटीच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट हेच काम सॉफ्टवेअरमधून करत होती. म्हणजे वाट होती, तिच्यावर खर्च करायचा नाही असे ठरले. त्या ठरवण्यालाही कारण होते: एनटीव्हीडीएममधून पूर्ण सिस्टिमचा ताबा मिळवून देणारी एक त्रुटी जानेवारी २०१० मध्ये जाहीर झाली, आणि ती १९९३ पासून तशीच पडून होती. जुना कोड ठेवायचा तर तो तपासत राहावा लागतो.

मधल्या काळात विंडोज ७ च्या प्रोफेशनल आवृत्तीला ‘एक्सपी मोड’ (आतल्या आत जुने विंडोज एक्सपी चालवण्याची सोय) मिळाला, तो पुढच्याच आवृत्तीत गेला. २०२१ चे विंडोज ११ फक्त ६४-बिट आले आणि विषय संपला. ॲपल याबाबत जास्त घाईची: जुन्या प्रोसेसरची ॲप नव्या मॅकवर चालवणारे पहिले रोझेटा २००६ ते २०११ एवढेच टिकले, ३२-बिट ॲप २०१९ मध्ये बंद झाली, आणि रोझेटा २ सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस २७ पर्यंतच राहील असे जाहीर झाले आहे.

प्रोग्रॅम डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा चालतो. मला जास्त काळजी डेटाची वाटते. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडते. पण सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (संगणकात बसवायच्या भारतीय लिप्यांच्या कार्डावर) टाइप केलेली मराठी नावे इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या सांकेतिकीत असतात आणि युनिकोडमध्ये आणल्याशिवाय ती अगम्य चिन्हे दिसतात. म्हणून जुने मशीन चालू आहे तोवरच खातेदारांची एक यादी कागदावर छापून घ्यावी. रूपांतर झालेली नावे तिच्याशी ताडून पाहता येतात.