जात पडताळणी: नागपुरात अर्ज नेमका कुठे अडतो

"जातीचा दाखला आहे ना, मग पुन्हा पडताळणी कशाला?" अॅडमिशनचे दिवस आले की हा प्रश्न ऐकू येतोच. दाखला उपविभागीय अधिकारी देतात. तो टिकतो की नाही, हे पडताळणी समिती ठरवते आणि टिकला तर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे 'व्हॅलिडिटी', देते. त्यासाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, २००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३. त्याच्या कलम ८ नुसार जात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची आहे. समोरचा बाबू कितीही तुसडा असो, कागद तुम्हालाच शोधायचे आहेत. (नॉन-क्रिमिलेअर हा तिसराच कागद, उत्पन्नाशी संबंधित. व्हॅलिडिटीच्या जागी तो जोडून मोकळे होणारे दरवर्षी भेटतात.)

अर्ज कुणाला लागतो? राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना, नोकरीवाल्यांना आणि राखीव जागेवरून निवडणूक लढवणाऱ्यांना. अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी जिल्हा समिती आहे, दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात. अनुसूचित जमातीची समिती वेगळी, आदिवासी विकास विभागाची. ऑनलाइन नोंदणी, दाखला, शाळेचे कागद, विद्यार्थ्यांसाठी कॉलेजचं पत्र आणि दोन शपथपत्रं: एक वंशावळीचं, दुसरं कागद खरे असल्याचं. इथवर कुणी अडत नाही.

अडतात ते तारखेवर. १९५० चा पुरावा सगळ्यांनाच लागतो, असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि ओबीसी कुटुंब नको तितकं मागे शोधत बसतं. मानीव दिनांक, म्हणजे ज्या तारखेपूर्वीचा पुरावा लागतो ती तारीख, प्रवर्गानुसार वेगळी आहे: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी व विशेष मागास प्रवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेपूर्वीचा, वडिलांकडच्या रक्तनात्यातला, जातीची नोंद असलेला कागद हवा. तुमची स्वतःची टीसी, रेशन कार्ड, आधार यांचा गठ्ठा कितीही जाड असला तरी ती जागा भरून निघत नाही. कुटुंब त्या तारखेला इथलंच रहिवासी होतं, हेही त्याच जुन्या कागदांतून दिसावं लागतं.

हा कागद बहुतेकांच्या घरी नसतोच. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर कुठे गेलं, ते शिक्षण विभागात विचारा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुक पाहायचं. गावातल्या जन्म-मृत्यूच्या या नोंदीत जात लिहिलेली असायची. नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. पानं हाताला चुरतात, शाई उडालेली असते आणि "आजोबांचा कागद द्या" एवढ्यावर कुणी शोधून देत नाही. गावाचं नाव आणि अंदाजे साल घेऊन जा. नोंद सापडली नाही तर तसं लेखी मागून घ्या. तोंडी नकार फाइलला लावता येत नाही.

जुन्या कागदावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' किंवा 'मध्यप्रदेश' दिसलं म्हणून घाबरू नका. १९५६ पर्यंत नागपूर त्याच राज्याची राजधानी होतं. मात्र मूळ गाव आजच्या मध्यप्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाटकडचं असेल, तर प्रश्न येणार हे धरून रहिवासाचे पुरावे वेगळे जमवा.

बौद्ध कुटुंबांची अडचण खास इथली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर शाळेत घातलेल्या अनेकांच्या टीसीवर फक्त 'बौद्ध' आहे, मूळ जात नाही. अशा वेळी आजोबांच्या किंवा त्यांच्या भावाच्या नोंदीपर्यंत मागे जावंच लागतं.

गोळीबार चौक, तांडापेठेतल्या हलबांचं दुखणं याहून खोल आहे. आजोबांच्या नोंदीत 'कोष्टी' आणि हातातल्या दाखल्यावर 'हलबा'. हलबा अनुसूचित जमातींच्या यादीत आहे, कोष्टी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी सांगितलं की अनुसूचित जमातींच्या यादीतली नोंद जशी आहे तशीच वाचायची. या कुटुंबांना फसव्या आशा दाखवून पैसे उकळणारे दलाल बरेच आहेत. त्यांच्यापासून लांब राहा.

सुनेचा अर्ज हमखास सासरच्या कागदांवर भरला जातो. जात माहेरची, म्हणून कागदही वडिलांकडचेच. नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडायचं.

वंशावळीत शेतीच्या भांडणापायी एखादा काका गाळू नका. जोडलेल्या प्रत्येक कागदावरचा माणूस वंशावळीत दिसलाच पाहिजे. शिवाय त्या काकाच्या मुलाकडे व्हॅलिडिटी असेल तर तुमचा अर्धा रस्ता तिथेच सरतो. वडिलांकडच्या नातेवाईकाची वैधता हा भक्कम पुरावा आहे. लग्नकार्यात बोलणं नसेल तरी प्रत मागा.

आणि मोबाइल नंबर स्वतःचा टाका. कॅफेवाला घाईत त्याचाच नंबर टाकतो, त्रुटीचा मेसेज त्याला जातो, आणि अर्जदार तीन महिने "अजून काही आलं नाही" म्हणत बसतो. समितीसाठी चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाची नोटीस आली तर उत्तर द्याच. गप्प राहिलात तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असं समजलं जातं.

अर्ज फेटाळला तर वरच्या साहेबाकडे अपील नाही. कलम ७ प्रमाणे समितीचा आदेश अंतिम असतो, त्याविरुद्ध थेट उच्च न्यायालयात, म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर खंडपीठात, रिट याचिका करावी लागते. याचिका मुख्यतः समितीपुढच्या फाइलवरच चालते. राहिलेला कागद तिथे पहिल्यांदा काढून उपयोग होईलच असं नाही, म्हणून तो आदेश होण्याआधी समितीकडे द्या आणि पोच घ्या.